गंगाबाई आईसाहेबांनी वियेतनाम मुलखी खाचर फत्ते केले त्याची हकीकत

गावदेवीच्या चरणी मस्तक ठेवून, आणि वीणेकरी, टाळकरी, मृदंगी, तैसेच कीर्तनात शेवटच्या रांगेस बसून डुलकी घेणारे परंतु नामाचा गजर उठताच खडबडून टाळी देणारे जे समस्त भाविक, त्यांची पायधूळ कपाळी लावून, वर्तमान शकाचे ज्येष्ठ मासी जे जाहले ते लिहिले असे. पूर्वी थोर थोर मोहिमा जाहल्या, त्यांत घोडी पडली, माणसे पडली, मुलूख मिळाला. या मोहिमेत एक बूट पडला आणि एक खाचर मिळाले. परंतु सत्य ते लिहावे, लहान म्हणून टाकू नये, कारण कीर्तनकार बुवाही चिमणीच्या गोष्टीवर घटका घटका आख्यान लावितात आणि श्रोते डोळे पुशितात, येणेप्रमाणे आधार आहे.

तरी मजकूर ऐसा की, पनवेलीहून उरणास जाते वाटेवर, खाडीकाठी, आवळेखार म्हणून गाव. पूर्वी तेथे भात पिके आणि मीठ पिके. हल्ली प्लॉट पिकतात. त्या गावी कल्पेशशेट नामे मातबर बिल्डर नांदत असत. त्यांचा मोठा बंगला, बंगल्यास खांब, खांबांस सोनेरी रंग, आणि दारी गाडी ऐसी की गल्लीत वळेना, म्हणोन शेट गल्लीतून मागे मागेच येत. शेटांच्या मातुश्री गंगाबाई आईसाहेब. यांणी उभा जन्म लावणीत घालविला आणि वडीलशेट निवर्तल्यावरही कंबर वाकवावयाचे सोडिले नाही. सारी जमीन गेली, कोठे रस्ता जाहला, कोठे गोदाम जाहले, न्हावा शेव्याचे कंटेनर उभे करावयास कोठे तळ जाहला. उरले एक खाचर, आईसाहेबांच्या हातचे. ते त्या दरसाल लावीत आणि त्याचाच तांदूळ सप्त्याच्या महाप्रसादास देत.

त्या खाचरावर शेटांचा डोळा. तेथे मुरूम ओतून, वर गवत अंथरून, लग्नाचे लॉन करावे ऐसी मसलत त्यांणी योजिली होती. परंतु आईसाहेब दररोज बांधावर बसत, आणि त्या बसल्या असता गाडी रिकामी करील ऐसा डंपरवाला पनवेल तालुक्यात जन्मास आला नव्हता. मग शेटांणी युक्ती काढिली. भावकीस जमवून फर्मान सोडिले की, आम्ही खाशा खर्चाने समस्तांस वियेतनाम देशाची सफर घडवितो, शहरे दाखवितो, खेडी दाखवितो, सारा मुलूख बशीने फिरवितो. उघड हेतू मातृभक्तीचा. गुप्त हेतू ऐसा की, आईसाहेब समुद्रापार असता इकडे डंपर ओतावा, आणि परत येतील तो गवत हिरवे व्हावे.

आईसाहेब प्रथम राजी होईनात. रोहिणी नक्षत्री खाचराच्या कोपऱ्यात भाताच्या रोपांचा राब पेरिला होता, रोप तयार होईल तो हात मोकळा पाहिजे. शेटांणी शपथ वाहिली की, रोप वीतभर होण्याआधी तुला घरी आणितो. पुत्राची शपथ, आणि तीही देव्हाऱ्यासमोर. आईसाहेबांनी मान्य केले. शेट देव्हाऱ्यापुढे उभे राहून खोटे बोलिले आणि समई विझली नाही, यावरून समईचे तेल भेसळीचे असावे ऐसे आमचे मत.

मग कूच जाहले. समस्तांस एकाच रंगाचे पिवळे सदरे, त्यांजवर पुढे वियेतनामाचा नकाशा आणि मागे शेटांची तसबीर. सरंजामात सुके बोंबील, तांदळाच्या भाकऱ्या, शेव, चिवडा, आणि गाणी वाजवावयाचा ऐसा पेटारा की विमानतळावरील शिपायाने तो तोफ समजोन दोनदा तपासिला. फौजेचा कारभार सफर कंपनीच्या केतन नामे कारकुनाकडे. हा खारघरचा, उंच मनोऱ्यात राहणारा, शिकलेला, गळ्यात शिटी आणि हाती निशाण. निशाण पुढे चाले आणि फौज भलतीकडे.

सायगाव शहरी मुक्काम पडला. तेथे दुचाक्यांचा पूर वाहतो, रस्ता ओलांडणे म्हणजे भवसागर ओलांडणे. फौजेने पाहिले काय, तर आपापले मुखकमल. राजवाडा पाठीमागे ठेविला आणि तोंड फोनात घातिले, चर्च पाठीमागे ठेविले आणि तोंड फोनात घातिले, मग बशीत बसोन पुसो लागले की, आता पाहिले ते काय होते. शहराबाहेर जुन्या युद्धातील भुयारे आहेत, तेथे शेटांचे मामा, काळूराम, हट्टाने उतरले आणि कमरेत अडकले. वाटाड्याने सांगितले की, भुयार परदेशी पाहुण्यांकरिता मुद्दाम रुंद केले आहे. ऐसे रुंद केलेले भुयार मामांच्या पोटाने बंद पाडिले. बलाढ्य फौजांस जे साधले नाही ते आवळेखारास साधले. मामांस ओढून काढिता आईसाहेब इतकेच म्हणाल्या की, काळू, तू लहानपणी कणगीतही असाच अडकला होतास.

त्याउपरि बस दक्षिणेस मेकाँग नदीच्या मुलखात निघाली. वाटेत प्रत्येक मुक्कामी केतन कारकून फौजेस दुकानात उतरवी. कोठे उशांचे दुकान, कोठे रेशमाचे, कोठे सापाची दारू. उशीच्या दुकानी फौज पुष्कळ काळ गुंतली, कारण तेथे थंड हवा होती. देश बाहेर उन्हात उभा राहिला आणि आवळेखारकर आत उशा दाबीत राहिले.

या प्रवासी शेटांस एक खोड लागली, तीच पुढे नाशास कारण जाहली, सबब लिहिणे प्राप्त. त्यांस कळोन आले की, या मुलखी आपली बोली कोणास कळत नाही. मग काय विचारता. जो भेटे त्यास हसतमुखे वाटेल ते बोलत. हॉटेलच्या कारभाऱ्यास हात जोडोन म्हणत, तुझ्या चहात म्हैस धुतली काय रं. तो बापडा वाकून नमस्कार करी आणि पिवळे सदरे खदखदा हसत. जिभेस लगाम राहिला नाही. शिवाय फोनवर बोलावयाचे ते मोठ्या आवाजाने, फोन तळहाती आडवा धरोन, पलीकडच्याचाही शब्द चौघांनी ऐकावा ऐसे. हे घराणे खाडीच्या एका तीरावरून दुसऱ्या तीरास हाका मारण्यात वाढलेले, त्यास उपाय नाही.

आईसाहेब मात्र खिडकीशी बसोन मुकाट्याने बाहेर पाहत. बाहेर खाचरे. जेथवर नजर जाई तेथवर खाचरे, मध्ये बांध, बांधावर नारळी, पाण्यात बगळा. पोरे पेटारा लावोन बशीत नाचत होती, तरी त्या ओठांत हरिपाठ म्हणत आणि हाताची बोटे मांडीवर रोप लाविल्यागत हालत. सुनबाई प्रांजल शेजारी बसल्या होत्या, त्यांणी हे पाहिले आणि पेटाऱ्याचा आवाज बारीक करावयास लाविले. फौजेतील पहिले शहाणपणाचे कृत्य ते हेच.

कान्थो नगराच्या अलीकडे एका खेड्यात बस थांबली. केतन कारकुनाने जाहीर केले की, येथे एक दिवसाचा शेतकरी व्हावयाचा अनुभव आहे, प्रत्येकाने चिखलात उतरावे, तीन रोपे लावावी, फोटो काढावा, पाय धुवावे, आणि त्वरा करावी, कारण सायंकाळी नदीतील जहाजावर नाचगाण्यासहित भोजन आहे आणि जहाज कोणासाठी थांबत नाही. ज्यांणी आपले खाचर विकून बंगला बांधिला, तेच बंगल्याचे धनी परक्याच्या खाचरात तीन रोपे लावावयास तिकीट काढोन समुद्रापार आले, आणि रोप हाती घेऊन पुसो लागले की, याचे मूळ कोणते. श्रोते हो, वैराग्य यावे ते अशा वेळी यावे.

खाचराची धनीण एक म्हातारी, डोईवर निमुळती टोपी, आपल्या इरल्याचीच धाकटी बहीण. आईसाहेबांनी लुगडे खोचिले, बांधास हात लावून कपाळी लाविला, आणि उतरल्या. तीन रोपे लाविली, चौथे लाविले, पाचवे लाविले. वाटाड्याने कौतुक केले आणि केतनमार्फत समजाविले की, बस, इतके पुरे. आईसाहेबांनी पुसले की, उरलेले कोण लावणार. वाटाड्या म्हणाला की, कोणी नाही, सायंकाळी ही धनीण तुम्ही लाविलेले उपटून ठेवील आणि उद्या दुसरी मंडळी येऊन तेच लावितील, रोज ऐसेच चालते.

हे ऐकोन आईसाहेब उभ्या राहिल्या. पीक नाही, दाणा नाही, लावावे आणि उपटावे. बुवांच्या कीर्तनात यमलोकीचे वर्णन निघते, तेथेही इतकी व्यर्थ शिक्षा कोणास सांगितली नाही. आईसाहेबांच्या घरचा शिरस्ता ऐसा की, एकदा खाचरात पाय घातला म्हणजे ते भरल्याशिवाय पाय काढू नये, अर्धे सोडिले तर त्या घरचे ताट अर्धे राहते. त्या पुन्हा वाकल्या आणि लावू लागल्या, आणि ओळ ऐसी सरळ निघाली की वाटाड्या दोरी शोधू लागला.

केतनने शिटी वाजविली, ती बगळ्याने ऐकिली आणि तो उडाला, आईसाहेब हालल्या नाहीत. मग भावकीतील बायका एकमेकींकडे पाहो लागल्या. अर्धे ताट सर्वांसच ठाऊक होते. आधी एक उतरली, मग चार उतरल्या, सोन्याचे तोडे कोपरापर्यंत सारून चिखलात वाकल्या, आणि ज्या गेली कित्येक वर्षे गुडघे दुखतात म्हणोन देवळाच्या पायऱ्या चढत नव्हत्या त्यांचे गुडघे एकाएकी बरे जाहले.

इतक्यात शेटांचा फोन वाजला. शेट बांधावर, पांढरे शुभ्र बूट घालून उभे. आवळेखाराहून बुधाजी डंपरवाला बोलत होता. त्याचा शब्द साऱ्या शिवारास ऐकू आला. तो म्हणाला, "शेट, गाडी लावलीय बांधाला. पन कोपऱ्यात आईचा राब उगवलाय, हिरवागार. त्याच्यावर ओतू?"

आणि शेट, ज्यांची जीभ इतके दिवस परमुलखी मोकाट सुटलेली, आजूबाजूस मराठी जाणणारे कोणी नाही ऐशा भ्रमाने, खाडी ओलांडेल इतक्या आवाजाने बोलिले, "ओत रं ओत. म्हातारी हितं वियेतनामात हाय, तिला काय समजतंय? ती येईपरेत वर गवत लावून टाकू."

म्हातारी तीन ओळी पलीकडे होती.

पेटारा कोणी बंद केला ते कळले नाही. शेटांस आपण काय केले ते समजावयास एक श्वास लागला, आणि तो श्वास त्यांस फार लांब गेला. आईसाहेब सावकाश सरळ उभ्या राहिल्या, हाती रोपांची मूठ, आणि म्हणाल्या, "कल्पेश, फोन ठेवू नको. बुधाजी, ऐकतोस काय?"

फोनातून बुधाजी घाबरा जाहला. "आई? तुमी हाव तिथं?"

"मी हाय. हौदा उचललास?"

"अर्धा उचलला हाय, आई."

"तर अर्धाच ऱ्हाऊ दे."

शेटांणी मध्ये दरडाविले की, गाडीचे काम मी देतो, ती देत नाही. त्याजवर बुधाजीने जो जबाब दिला तो सोन्याच्या अक्षरांनी लिहावा. "शेट, तुमी मायलेक आधी एकमेकांत बोला. मी हौदा खाली घेतो नि चा पिऊन येतो. फोन चालूच ठेवतो."

मग आईसाहेबांनी आपला तह जाहीर केला. त्यांणी सांगितले की, हे खाचर लावून होईतो तुझा विचार सांग. नाही सांगितलास तर शेजारचे लावीन, मग त्याच्या पलीकडचे. या बाईच्या मुलखात खाचरे पुष्कळ आहेत. तू जा, जहाजात जेव.

शेटांणी मान वर करोन पाहिले. मेकाँगचा मुलूख क्षितिजापर्यंत खाचरांनी भरलेला. मातुश्रींचा हट्ट त्यांस ठाऊक होता, त्या खरेच लावीत लावीत समुद्रापर्यंत गेल्या असत्या.

मग शिष्टाई सुरू जाहली. प्रथम वकील केतन, त्याने जहाजाची वेळ, तिकिटाचे नियम, परतावा नाही ही कलमे वाचून दाखविली. आईसाहेबांनी त्याच्या हातचे निशाण मागून घेतिले आणि ओळ सरळ येते की नाही हे पाहावयास चिखलात रोविले. त्या निशाणाचा साऱ्या सफरीत झालेला हा एकच उपयोग. दुसरे वकील काळूराममामा, त्यांणी बहिणीस समजावयाचा आरंभ केला, परंतु बहिणीने रोपाची जुडी फेकिली ती त्यांणी सवयीने झेलिली, आणि मग मामा बांधावर बसोन जुड्याच पुरवू लागले, शिष्टाई विसरले. तिसऱ्या वकील सुनबाई प्रांजल. यांस शेटांणी कानात सांगून पाठविले की, तू रड. प्रांजल उतरल्या, सासूजवळ गेल्या, आणि रडल्या नाहीत. त्यांणी पुसले, "आई, दोन रोपांत अंतर किती ठेवायचं?" सासूने वीत दाखविली. वकील फितूर जाहला.

इकडे खाचराची धनीण आधी घाबरी जाहली होती, कारण उद्याच्या पाहुण्यांस लावावयास जागा उरेना. परंतु ओळी पाहोन तिच्याने राहवेना. ती पलीकडच्या बांधाने उतरली आणि तिकडून लावीत आली. दोघी म्हाताऱ्या समोरासमोर वाकलेल्या, मध्ये पाणी. आईसाहेब ओठांतला हरिपाठ मोठ्याने म्हणू लागल्या, मागे बायकांनी धरिला, आणि धनीण आपल्या बोलीचे काही गुणगुणो लागली. एकीची बोली एकीस कळेना, परंतु ओळी बरोबर मिळाल्या. आम्ही मोठमोठ्या मंडपांतील कीर्तने ऐकिली, जेथे बुवांपेक्षा कर्ण्याचा आवाज मोठा असतो. त्या दिवशी त्या चिखलात जो रंग भरला तो क्वचित भरतो.

बांधावर एकटे शेट उरले. बशीचा हाकणारा भोंगा वाजवी, जहाजाची वेळ जवळ येई, आणि फोनातून दूर आवळेखारी बुधाजी चहा फुरकत असल्याचा आवाज येई. पिवळ्या सदऱ्यांच्या पाठीवर शेटांचीच तसबीर, आणि त्या साऱ्या पाठी वाकलेल्या, यामुळे शेट जिकडे पाहत तिकडे आपलेच तोंड चिखलावर ओणवे दिसे. शेवटी त्यांणी मन घट्ट केले आणि खाशी स्वारी उतरली.

पहिल्या पावली डावा बूट गेला. चिखलाने तो ऐसा गिळिला की पुन्हा दिसला नाही. दुसऱ्या पावली शेट बसले. बसलेच. समोर आईसाहेब. त्यांणी हात दिला नाही, वाट पाहिली. शेट हळू म्हणाले की, आई, लॉन झालं असतं तर तुझंच नाव देणार होतो. आईसाहेब म्हणाल्या, "नाव कशाला? माझा तांदूळ सप्त्याला जातो, पंगतीत लोक जेवतात नि हरी म्हणतात. तुझ्या गवतावर लोक काय म्हणतील? बायको कुठं बसली नि केक कुठं हाय."

शेटांणी चिखलाचा फोन तोंडाशी धरिला आणि प्रथमच लहान आवाजाने बोलिले, "बुधाजी, गाडी माघारी ने."

"कुठं नेऊ, शेट?"

"घरी ने. मुरूम माझ्या दारात ओत."

आईसाहेबांनी त्यांच्या हाती एक मूठ दिली. शेटांणी रोप लाविले ते वाकडे लागले, पाण्यावर आडवे पडो पाहत होते. प्रांजल ते उपटून नीट लावू लागल्या, तो सासूने हात धरिला. "ऱ्हाऊ दे. वाकडं का होईना, लावलेलं उपटू नये." धनीण हे पाहत होती. भाषा कळली नाही, अर्थ कळला असावा, कारण तिने त्या वाकड्या रोपाच्या मुळाशी बोटाने चिखल दाबिला, आणि वाटाड्यास सांगितले की, हे खाचर आता पिकू देईन, उद्याच्या पाहुण्यांस दुसरे दाखवीन.

खाचर भरले. जहाज गेले. फौजेने धनिणीच्या ओसरीवर बसोन भात, मासा आणि सोबत आणलेले बोंबील खाल्ले, आणि साऱ्या सफरीत उशीव्यतिरिक्त काही आठवले तर एवढेच आठवते. निघते वेळी धनिणीने आपली टोपी आईसाहेबांच्या मस्तकी घातली. मोठमोठ्या दरबारी शिरपेच दिले जातात, तेही इतके उन्हापावसाच्या उपयोगाचे नसतात.

परत आलियावर राब वीतभर जाहला होता. दारातील मुरूम अद्याप दारातच आहे, त्यामुळे शेटांची गाडी आता गल्लीत मागे मागेही येत नाही, शेट पायी येतात. परंतु शेट म्हणजे शेटच. एवढे झाल्यावरही त्यांणी बांधावर पाटी लाविली की, येथे लावणीचा अनुभव मिळेल, आणि खारघरच्या मनोऱ्यांतील कुटुंबे आली, तिकीट काढोन, टोप्या घालून, तीन तीन रोपे लावून फोटो काढावयास. केतन कारकुनही आला होता, सपत्नीक. तीन रोपे होताच मंडळी पाय धुवावयास निघाली. बांधावर वियेतनामी टोपी घालून आईसाहेब उभ्या होत्या. त्यांणी विचारिले की, उरलेले कोण लावणार.

तिन्हीसांजेस खाचर भरले. शहरी लोक कंबर धरोन गेले. ओळी वाकड्या, कोठे वीत, कोठे हात, बगळ्यासही चालता येईना. येणेप्रमाणे आवळेखारचे खाचर पूर्ववत आईसाहेबांकडे कायम जाहले, लॉनाची मसलत मोडली, तांदूळ सप्त्याचा ठरला, आणि फत्ते जाहली ती गावदेवीच्या साक्षीने लिहून ठेविली असे. लावलेले कोणी उपटले नाही.